जुन्या युनिकॉर्नवर मॅन्युअल टायमिंग चेन टेन्शनर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

होंडा युनिकॉर्न मोटरसायकलच्या इंजिनात टायमिंग चेन क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) जोरावर व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवते, आणि टेन्शनर तिची ढील काढतो. कंपनीचा टेन्शनर, म्हणजे लिफ्टर, हे आपोआप करतो; मॅन्युअलमध्ये बोल्ट हाताने सेट करावा लागतो. निकाल आधीच सांगतो. मॅन्युअल टेन्शनर चांगला आहे, पण ज्याला स्वतः पाना हातात घ्यायची सवय आहे त्याच्यासाठी. गाडी सर्व्हिसिंगला टाकून विसरून जाणाऱ्याने नवा ओरिजिनल ऑटोमॅटिक लिफ्टर बसवावा आणि मोकळं व्हावं.

गाडी २००४ साली आलेल्या पहिल्या पिढीची, १४९ सीसी, कार्ब्युरेटरवाली, सेकंडहँड, पन्नास हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली. या रनिंगला लिफ्टर ढिला पडणं ही झीज आहे, दोष म्हणता येत नाही. लिफ्टरच्या पोटात घड्याळासारखी गुंडाळलेली चपटी स्प्रिंग असते. ती आट्यांचा एक दांडा फिरवत राहते आणि त्या आट्यांवरून प्लंजर (पुढे येणारा दांडा) सरकून चेनला टेकलेल्या टेन्शनर आर्मला रेटतो. प्लंजर फक्त बाहेर यावा, मागे ढकलला जाऊ नये, ही सगळी जबाबदारी त्या आट्यांच्या घर्षणावर. स्प्रिंग थकली किंवा आटे गुळगुळीत झाले की चेनचे धक्के त्याला मागे रेटतात आणि खरखर सुरू होते. टेन्शनर सिलिंडरच्या मागच्या बाजूलाच का, तर क्रँक चेनची पुढची बाजू ओढते आणि ढील मागच्या बाजूला जमा होते.

काहीही खोलण्याआधी आवाज नक्की कुठला ते ठरवा. टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातल्या फटीची) टकटक एकसुरी असते आणि रेसबरोबर वाढत जाते. टायमिंग चेन स्लोवर आणि रेस सोडल्यावर जास्त बोलते, घाट उतरताना तर हमखास, आणि आवाज सिलिंडरच्या डाव्या बाजूने येतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवून मूठ कानाला लावली की फरक कळतो. टॅपेट थंड इंजिनवर सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाने सेट करून घ्या आणि मगच टेन्शनरवर संशय घ्या. पुष्कळ ठिकाणी हे उलट होतं: आधी लिफ्टर बदलतात, आवाज तसाच राहिला की टॅपेट बघतात.

लिफ्टरची परीक्षा गाडी चालू ठेवूनही करता येते. त्याच्या मागच्या टोकाचा छोटा सीलिंग स्क्रू काढा, आत बारीक खाच दिसेल. स्लोवर ठेवून त्यात बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर घाला आणि घड्याळाच्या उलट दिशेने अगदी हलका दाब द्या. आवाज लगेच बसला तर लिफ्टर थकलाय. काहीच फरक पडला नाही तर पैसे वाचले, दुखणं दुसरीकडे आहे. थोडं तेल ओघळेल, ते चालतं. हेड तापलेलं असतं, मनगट सांभाळा.

बाहेर काढलेला लिफ्टर अंगठ्याने दाबून बघा. चांगला असेल तर प्लंजर एक केसही आत जात नाही. घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर आत जायला हवा आणि सोडल्यावर न अडखळता बाहेर यायला हवा. जुन्या तेलाच्या चिकट्याने अडकत असेल तर रॉकेलने धुऊन कधी कधी सुधारतो. अंगठ्याने आत जाणारा मात्र धुऊन सुधारत नाही.

आता बसवणं. डाव्या कव्हरवरची दोन झाकणं काढा, गोटी पान्याने क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा आणि मॅग्नेटवरची टी खूण खाचेसमोर आणा. दोन्ही टॅपेट हाताला सैल लागले तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आहे. घट्ट लागले तर आणखी एक पूर्ण फेरा. लिफ्टर काढल्यानंतर किक मारायची नाही, सेल्फला हात लावायचा नाही आणि क्रँक उलटा फिरवायचा नाही. ढील एका जागी गोळा होऊन चेन दात सोडते. एक दात सुटला तरी गाडी जड स्टार्ट होते आणि पिकअप मरतो, जास्त सुटले तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडून वाकतात. कार्ब्युरेटरखाली पावसाळ्यात चिखल साचतो, तो आधी ब्रशने साफ करा, नाहीतर लिफ्टरच्या भोकातून थेट चेनवर जाईल.

लिफ्टर दोन ६ मिमी बोल्टवर असतो. जुनं पॅकिंग पूर्ण खरवडून नवं घाला. बोल्ट १० ते १२ न्यूटन-मीटरला बसतात, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाच्या जोराइतकेच. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की लेथवाल्याकडे फेऱ्या सुरू होतात.

मॅन्युअल टेन्शनर म्हणजे ॲल्युमिनियमची बॉडी, त्यात ८ मिमीचा बोल्ट आणि त्यावर लॉकनट. घेताना बोल्टचं टोक बघा. ते गोलसर आणि गुळगुळीत हवं. कापल्यासारखं धारदार टोक आर्मच्या पाठीत खड्डा पाडतं, मग कितीही सेट करा, टिकत नाही. बोल्ट बोटांनी फिरवत आर्मला टेकेपर्यंत आत न्या, तिथून पाव फेरा मागे घ्या आणि लॉकनट हलका लावा. क्रँक हाताने दोन फेरे फिरवून कुठे अडकत नाही ना बघा, मगच स्टार्ट करा.

खरी सेटिंग इंजिन पूर्ण तापल्यावर, वीसेक मिनिटं चालवून आल्यावर. थंड इंजिनवर आवाज बंद केला तर गरम झाल्यावर चेन नक्की जास्त घट्ट होते. ॲल्युमिनियमचा ब्लॉक स्टीलच्या चेनपेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावतो, त्यामुळे तापलेल्या इंजिनात क्रँक आणि कॅममधलं अंतर चेनच्या तुलनेत अंदाजे ०.२ मिमीने वाढतं. बोल्टचा पाव फेरा म्हणजे सुमारे ०.३ मिमी, यावरून पाव फेऱ्याची किंमत समजावी. स्लोवर बोल्ट हळूहळू सैल करा, खरखर जेमतेम ऐकू येईल तिथे थांबा, मग आवाज जाईपर्यंत आत घ्या आणि तिथेच लॉक करा. लॉकनट कसताना बोल्ट दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर तोही सोबत फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. लॉक केल्यावर पुन्हा ऐका.

सकाळी थंड स्टार्टला मिनिटभर हलकी खरखर राहते. राहू द्या. ती पूर्ण घालवायच्या नादातच बहुतेक लोक चेन आवळतात. आवळलेली चेन सायरनसारखी बारीक शीळ घालते, पुढचा गाइड (चेनला वाट दाखवणारी पट्टी) आणि आर्मवरचं रबर खाते आणि कॅमच्या बेअरिंगवर कारण नसताना भार टाकते. ऑइल बदलताना काळे रबरी कण दिसले तर समजा की कुणीतरी आधीच आवळून ठेवलंय.

काही महिन्यांत दिसलं ते असं. गरम इंजिनचा आवाज ऑटोमॅटिकपेक्षा शांत आणि रेस सोडल्यावरची खरखर गायब, कारण बोल्ट मागे ढकलला जात नाही. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर थोडा आत घ्यावा लागला, पुढे प्रत्येक ऑइल बदलीला तपासणं पुरतं. सर्वात मोठी कटकट तेलाची. बोल्टच्या आट्यांतून तेल झिरपतं आणि ब्लॉकच्या मागे धूळ धरतं. लॉकनटखाली तांब्याचा वायसर घातला तर कमी होतं, पूर्ण थांबत नाही. ओरिजिनलमध्ये ओ-रिंग असल्याने हा प्रश्नच येत नाही. पैशाचं म्हणाल तर दोन्ही काही शे रुपयांतले, तेव्हा बचतीसाठी मॅन्युअल घेण्यात अर्थ नाही.

मॅन्युअल बोल्टचे जवळपास सगळे आटे आत गेल्यावरच आवाज जात असेल तर चेन लांबली आहे. काढलेल्या जुन्या लिफ्टरवरून हे ठरवू नका, त्याचा प्लंजर स्प्रिंगने तसाही बाहेर येतो. अशा वेळी नवा लिफ्टर किंवा मॅन्युअल बोल्ट, दोन्ही थोड्या दिवसांचे सोबती. चेन, दोन्ही बाजूंची रबरं आणि कॅमचा स्प्रॉकेट एकदमच बदला. मॅग्नेट काढायला पुलर लागतो आणि हेडही उतरवावं लागतं, म्हणून मजुरी दोनदा देण्यात शहाणपणा नाही. स्प्लेंडरवाल्यांनी मात्र हे सगळं जसंच्या तसं उचलू नये. तिचा टेन्शनर खालून, सीलिंग बोल्टमागच्या स्प्रिंग आणि दांड्यावर चालतो.

सेकंडहँड गाडी बघायला गेलात तर सिलिंडरच्या मागे वाकून बघा. लॉकनटवाला बोल्ट दिसला तर त्याचे किती आटे बाहेर शिल्लक आहेत ते बघा. जवळपास सगळे आत गेले असतील तर चेनचं काम तुमच्याच खिशातून होणार, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागा.