फेडररची रॅकेट: विल्सन प्रो स्टाफ आरएफ 97 ऑटोग्राफ

टेनिसपटू रॉजर फेडररच्या खेळातील सहजता किती कष्टाची होती, हे मला त्याचे सामने पाहून नव्हे, तर विल्सनची ही रॅकेट हातात घेऊन खेळू लागल्यावर कळले. तारा न ओवताच तिचे वजन 340 ग्रॅम भरते. क्लबमध्ये सर्रास दिसणाऱ्या रॅकेटी 300 ग्रॅमच्या आसपास असतात. तोल मुठीकडे असल्यामुळे नेटजवळ व्हॉली (टप्पा पडण्याआधीचा फटका) मारताना हे वजन जाणवत नाही, आणि चेंडू शरीराच्या पुढे गाठला तर एकहाती बॅकहँडला असा भरीवपणा येतो की, तो एक फटका मारण्यासाठी पुन्हा पुन्हा कोर्टवर जावेसे वाटते. मात्र पाऊल जरा उशिरा पडले, तर मनगटाच्या बळावर फटका सावरून घेण्याची सवलत ती देत नाही.

या रॅकेटीमागची हकिकत मला तिच्या गुणांइतकीच मोलाची वाटते. 90 चौरस इंच डोक्याच्या (तारांच्या जाळीच्या) रॅकेटीने 17 ग्रँड स्लॅम जिंकलेल्या फेडररला 2013 मध्ये विम्बल्डनच्या दुसऱ्याच फेरीत हार पत्करावी लागली. त्यानंतर त्याने मोठ्या रॅकेटींचे प्रयोग केले आणि 2014 पासून 97 चौरस इंचांची रॅकेट स्वीकारली. राफेल नदालचा उंच उसळणारा टॉपस्पिन (पुढे फिरकी दिलेला चेंडू) ज्या बॅकहँडला वर्षानुवर्षे छळत आला होता, त्याच बॅकहँडने 2017 च्या मेलबर्नमधील ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात नदालविरुद्धच, पाचव्या सेटमध्ये 1-3 असे मागे असताना, बाजी पलटवली. तेव्हा तो 35 वर्षांचा होता आणि सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतर परतला होता. विजयाची सवय झालेले हत्यार तिशीनंतर बदलण्याचे हे धैर्य मला त्याच्या एकूण वीस ग्रँड स्लॅम विजेतेपदांपेक्षाही अनुकरणीय वाटते.

तारांबाबत एक सूचना करावीशी वाटते. फेडरर उभ्या तारा नैसर्गिक गटच्या (प्राण्यांच्या आतड्यांपासून बनवलेल्या) आणि आडव्या पॉलिएस्टरच्या वापरत असे. ही जोडी सुरेख खेळते, परंतु गट महाग असते व दमट हवेत लवकर खराब होते, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात ती टाळावी.

ज्यांचे तंत्र पक्के आहे आणि ज्यांचा दंड तिसऱ्या सेटपर्यंत साथ देतो, त्यांनी ही रॅकेट जरूर घ्यावी. इतरांसाठी, फेडररच्याच सहभागातून 2024 मध्ये आलेल्या आरएफ 01 मालिकेतील 300 ग्रॅमची रॅकेट अधिक योग्य ठरेल.