मासा आणि भाज्या भाजण्यासाठी २८ लिटरचा ओटीजी

रात्रीच्या जेवणातून भात-भाकरी वगळायची ठरवली की मासेखाऊ घरात पहिला प्रश्न तळलेल्या तुकडीचा येतो. मासळीत कर्बोदके जवळजवळ नसतातच. ती येतात तुकडीला लावलेल्या रव्यातून किंवा तांदळाच्या पिठातून. हे आवरण वगळूनही मासा चवदार व्हावा, यासाठी पंखा असलेला २८ लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे विजेवरची छोटी भट्टी) कितपत उपयोगी पडतो, एवढ्यापुरते हे परीक्षण आहे. या आकाराच्या यंत्रांची रचना साधारण सारखीच असल्याने कंपनीचे नाव देत नाही.

आकाराचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. फ्लॉवर, ढोबळी मिरची, फरसबी, मश्रूम या कमी कर्बोदकांच्या भाज्यांमध्ये पाणी भरपूर असते आणि त्या ट्रेमध्ये दाटीवाटीने ठेवल्या, तर सुटलेली वाफ तिथेच कोंडून त्या भाजण्याऐवजी उकडल्या जातात. २८ लिटरच्या ट्रेमध्ये तिघांपुरत्या भाज्या एका थरात पसरून मधोमध सुरमईच्या चार तुकड्या मावतात. १६ लिटरच्या ओटीजीत हे साधत नाही आणि दोन वेळा भाजत बसण्याइतका उत्साह रात्री आठ वाजता कोणाला नसतो.

सोबत येणारी पाककृतींची पुस्तिका मात्र बाजूला ठेवलेली बरी. तिच्यात माशाला दिलेला अर्ध्या तासाचा वेळ जाड, बिनकाट्याच्या मोठ्या तुकड्यांसाठी असावा; आपल्याकडची बोटभर जाडीची सुरमई तेवढ्या वेळात पार कोरडी पडते. ओटीजी २०० अंशांवर आधी तापवून, तेल-मीठ लावलेल्या भाज्या पंधरा-वीस मिनिटे भाजाव्यात आणि मगच हळद, तिखट, आले-लसूण व आगळ (कोकमाचा खारट रस) लावलेला मासा त्यांच्यात ठेवावा. पुढे दहा-बारा मिनिटांत काट्याजवळचे मांस अपारदर्शक होऊन सहज सुटू लागले की मासा झाला. आगळात मीठ असतेच, त्यामुळे वरून घालताना हात आखडता घ्यावा. बांगड्याच्या अंगी चरबी अधिक असल्याने तो पाच मिनिटे जास्त राहिला तरी बिघडत नाही. या यंत्रात सर्वांत उत्तम होतो तो चिरा दिलेला अख्खा बांगडाच. गोठवलेली मासळी असेल, तर ती पूर्ण वितळवून कापडाने नीट टिपून घ्यावी.

पंखा असूनही मागची बाजू अधिक तापते, म्हणून मासा ठेवतानाच ट्रे फिरवावा. ॲल्युमिनियमची फॉइल ट्रेवर अंथरण्याचा सल्ला पुष्कळजण देतात, परंतु कोकम किंवा लिंबाच्या आंबटपणाने ती खराब होते. बेकिंगचा कागद त्याहून बरा, फक्त तो वरच्या कॉइलला लागू देऊ नये.

खरा दोष स्वच्छतेचा आहे. बांगड्याची चरबी वरच्या कॉइलवर उडते, ती जागा पुसायला अवघड असते आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओटीजीत केक केला, तर पाहुण्यांना आदल्या रात्रीचा बेत न सांगता कळतो. घरात शाकाहारी माणसे असतील, तर एकच यंत्र सर्वांसाठी घेण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

विजेचा खर्च बेताचा आहे: १५०० वॉटचे यंत्र पाऊण तास चालले तरी एक युनिटच्या आसपासच वीज लागते. मात्र त्याला १६ अँपिअरचा सॉकेट हवा आणि जुन्या इमारतींच्या स्वयंपाकघरात तो बहुधा फ्रीजने अडवलेला असतो.