चावीच्या घड्याळांचं वेड आहे? मग सुवाला उतरा

टोकियोहून नागोयाला शिन्कान्सेनने पावणेदोन तासांत पोचता येतं. तरीही मी मुद्दाम डोंगरातला लांबचा रस्ता घेतला. शिंजुकूहून अझुसा एक्स्प्रेसने कामिसुवा, तिथे मुक्काम, मग शिओजिरीला गाडी बदलून शिनानो एक्स्प्रेसने नागोया. कामिसुवा हे सुवा शहराचं मुख्य स्टेशन. शहर नागानो प्रांतात, सुवा तळ्याच्या काठावर, समुद्रसपाटीपासून 759 मीटर उंचीवर वसलेलं आहे. सहल कंपन्यांच्या जपानच्या यादीत हे नाव सहसा नसतं. पण ज्याला घड्याळांचं, त्यातही चावीच्या घड्याळांचं वेड आहे त्याने ते यादीत घालावं, त्यासाठी टोकियोतला वेळ कापावा लागला तरी चालेल, असं माझं ठाम मत झालं आहे.

माझं वेड म्हणजे जुनी एचएमटी उघडायची, साफ करायची, तेल घालून परत चालती करायची. बरोबर दादा होता. त्याला या विषयात रस नाही, त्यामुळे त्याच्यासारख्यांच्या सोयीचंही पुढे लिहिते.

बेत आखताना आधी एक गोष्ट पक्की करा, ती म्हणजे गिशोदोमधली घड्याळजुळणी. बाकी सगळं तिच्या भोवती बसवता येतं. गिशोदो हे शेजारच्या शिमोसुवा गावातलं घड्याळांचं संग्रहालय, 1997 मध्ये सुरू झालेलं. कामिसुवाहून रेल्वेने पुढचंच स्टेशन, तिथून दहा-बारा मिनिटं चालायचं. इथे आपल्या हाताने घड्याळ जुळवता येतं आणि ते घरी नेता येतं. सोप्यापासून अवघडापर्यंत प्रकार आहेत, त्याप्रमाणे वेळ आणि पैसे बदलतात. जागा मर्यादित असतात, म्हणून तारीख आधी घ्या आणि मगच रेल्वेची तिकिटं काढा. मी अर्थातच चावीचं घड्याळ निवडलं.

शिकवायला वयस्कर गृहस्थ होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि मला जपानी मोजकंच येतं, पण चिमटा कसा धरायचा हे सांगायला भाषा लागत नाही. बोटांवर रबरी टोप्या, डोळ्याला आयग्लास, समोर पांढरा कागद. डायल बसवून झाली की काटे बसवायचे, आणि खरा कस तिथेच लागतो. तासकाटा, मिनिटकाटा आणि सेकंदकाटा एकावर एक, पण एकमेकांना न घासता, डायलला समांतर बसले पाहिजेत. मी काटे नेहमी वरून बघत आले आहे. सेन्सेईंनी, म्हणजे त्या शिक्षकांनी, माझ्या खांद्याला हलकेच स्पर्श करून मला टेबलाच्या पातळीपर्यंत वाकायला लावलं आणि काट्यांमधली फट बाजूने दाखवली. केसाएवढा उजेड दोन काट्यांमधून पलीकडे दिसत होता. तो उजेड सगळीकडे सारखा दिसेपर्यंत त्यांनी पुढे जाऊ दिलं नाही. काच बंद करण्याआधी फुंकणीने धूळ उडवायची, तीही त्यांनी दोनदा उडवायला लावली. एवढ्या एका गोष्टीसाठी मी परत तिथे जाईन.

जुळणीच्या आधी किंवा नंतर अंगणातल्या मनोऱ्यासाठी निवांत वेळ ठेवा. अकराव्या शतकात सोंग राजवटीत सू सोंग या चिनी विद्वानाने पाण्यावर चालणारा खगोलीय घड्याळाचा मनोरा उभारला होता. इथे त्याची पूर्ण आकाराची, चालती प्रतिकृती आहे. आत एक मोठं चाक आहे आणि त्याच्या परिघावर पळ्या आहेत. एका पळीत पाण्याची धार पडत राहते. ती भरून जड झाली की अडसर सुटतो, चाक एक पाऊल पुढे सरकतं आणि लगेच पुन्हा अडवलं जातं. मग पुढची पळी भरू लागते. ज्यांनी चावीचं घड्याळ उघडून पाहिलं आहे त्यांच्या हे चटकन लक्षात येईल. आपल्या मनगटावर जे काम एस्केपमेंट, म्हणजे चाकं टप्प्याटप्प्याने सोडणारी यंत्रणा, करतं, तेच काम इथे पाण्याचं वजन करतं. सोडायचं, अडवायचं, मोजायचं. मी बराच वेळ तिथून हलले नाही. दादा तेवढ्या वेळात त्याच इमारतीतला ऑब्सिडियनचा विभाग बघून आला. जवळच्या होशिगातोच्या डोंगरात जोमोन, म्हणजे इतिहासपूर्व, काळातली माणसं हा काळा काचेसारखा दगड खणून बाणांची टोकं घडवत असत. त्याला ते घड्याळांपेक्षा जास्त आवडलं.

हे सगळं सुवातच का, याचं उत्तर शहरात मिळतं. हा भाग आधी रेशमाचा होता, शेजारच्या ओकायात रेशमाच्या गिरण्या होत्या. 1942 मध्ये सुवातल्या एका घड्याळ दुकानदाराने मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) जुन्या कोठारात, नऊ माणसं घेऊन, घड्याळाचे भाग बनवायचा कारखाना काढला. त्यातूनच पुढे सुवा सेइकोशा आणि आजची सेइको एप्सन उभी राहिली. 1960 मध्ये पहिलं ग्रँड सेइको, म्हणजे सेइकोचं उंची घड्याळ, इथे बनलं. आणि 25 डिसेंबर 1969 ला बाजारात आलेलं क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन, म्हणजे जगातलं विक्रीला आलेलं पहिलं क्वार्ट्झ (चावीऐवजी सेल आणि स्फटिकावर चालणारं) मनगटी घड्याळ, तेही इथलंच. किंमत 4,50,000 येन, त्या काळी छोटी मोटार येईल एवढी. आतला स्फटिक सेकंदाला 8192 वेळा कंप पावतो. त्या आकड्याचं तेरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो, आणि सेकंदकाटा एक घर पुढे जातो. महिन्याला पाच सेकंदांच्या आसपासच फरक. चावीच्या घड्याळांचा बाजार ज्या शोधाने जगभर बसला तो शोध, आणि जपानमधली सर्वात देखणी चावीची घड्याळं, दोन्ही एकाच गावातली. ही गोष्ट मी वाचून ओळखत होते, पण इथल्या रस्त्यांवर फिरताना तिचं वजन जाणवतं.

हे नीट बघायचं तर एप्सनच्या मुख्यालयातलं संग्रहालय आहे. कंपनीच्या आवारात असल्याने आगाऊ नोंदणी करूनच जायचं, आणि कामाचा वार धरायचा. म्हणून शनिवार-रविवारला लागून सुवा ठेवू नका, आठवड्याच्या मध्ये ठेवा. हा बदल केला नाही तर अर्धी गंमत जाईल.

आता दादासारख्यांसाठी. सुवा गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे. कामिसुवा स्टेशनच्या फलाटावरच पाय बुडवून बसायचं कुंड आहे, गाडीची वाट बघताना बूट-मोजे काढून बसावं. काताकुराकान हे 1928 चं स्नानगृह रेशमाच्या पैशातून, लोकांसाठी बांधलं गेलं. हौद सुमारे 1.1 मीटर खोल, तळाशी गोटे, त्यामुळे उभ्याने न्हायचं. बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं असतं आणि जपानी रिवाजाप्रमाणे कपडे न घालता जायचं असतं, हे आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. तळ्याचा घेर सुमारे 16 किलोमीटर आहे, रस्ता सपाट, सायकलवर आरामात होतो. कडाक्याच्या थंडीत तळं गोठतं आणि कधीकधी बर्फाला लांबच लांब फूट पडून उंचवटा उठतो. तो देव तळं ओलांडून गेल्याचा माग, अशी इथली श्रद्धा, आणि त्याच्या नोंदी 1443 पासून ठेवल्या आहेत. अलीकडे तो क्वचितच दिसतो, तेव्हा त्या आशेवर हिवाळा निवडू नका.

शाकाहारी असाल तर थोडी तयारी हवी. शिन्शूचा (म्हणजे नागानोचा) सोबा, बकव्हीटच्या शेवया, प्रसिद्ध आहे, पण त्याच्या रश्शात माशाचा अर्क जवळजवळ नक्की असतो. नुसते गार सोबा मागून मीठ लावून खाल्ले तर बकव्हीटची खरी चव कळते, मला तसेच आवडले. भोपळ्याचं किंवा पालेभाजीचं सारण भरलेल्या ओयाकीने पोट भरतं, मात्र सारणात काय आहे ते प्रत्येक वेळी विचारा. गिशोदोजवळ सुवा ताइशाचं आकिमिया देऊळ आहे. तिथे हात धुवायच्या कुंडातसुद्धा गरम झऱ्याचं पाणी येतं. देवळाला लागून शिन्त्सुरू नावाचं 1873 पासूनचं दुकान आहे, तिथलं शिओ-योकान म्हणजे खारवलेली, अगर-अगर आणि कडधान्याची वडी. गोडात मिठाचा एवढा नेमका हात मी क्वचित पाहिला आहे. घरी न्यायला दोन डबे घ्याच.

15 ऑगस्टला तळ्यावर आतषबाजीचा मोठा सोहळा असतो. तो बघायचाच नसेल तर त्या आठवड्यात इकडे फिरकू नका, खोली मिळणं मुश्कील. सुवा ताइशाचा मोठा ओंबाशिरा उत्सव पुढचा 2028 मध्ये आहे, त्या वर्षीच्या वसंतातही हेच लागू.

वेळ असेल तर नागोयाकडे वळण्याआधी अझुसाने मात्सुमोतोपर्यंत जा. नदीकाठी शहराचं घड्याळ संग्रहालय आहे, दारात भलामोठा लंबक हलत असतो, आणि आतली बरीच जुनी घड्याळं अजून चालती ठेवलेली आहेत. शक्यतो एखादा तास भरायच्या पाच मिनिटं आधी आत असा, म्हणजे टोल ऐकू येतील. तिथून शिनानो थेट नागोयाला जाते. देशभराचा जपान रेल्वे पास असेल तर अझुसा आणि शिनानो दोन्ही त्यात बसतात, नसेल तर शिंजुकू ते कामिसुवा सुमारे सहा हजार येन धरा. अझुसात सगळ्या जागा आरक्षित असतात, तेव्हा पास असला तरी जागा आधी घेऊन ठेवा.