घरच्या धंद्यात ईआरपी : एका हंगामानंतरचा अनुभव

ईआरपी म्हणजे बिलं, स्टॉक, हिशेब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर. आमच्याचं नाव लिहीत नाही. डीलर सांगलीतलाच आहे, रोज तोंड बघावं लागतं. शिवाय मी जे लिहिणार आहे त्यातलं निम्मं कुठल्याही ईआरपीला लागू पडेल.

आमचा धंदा पीव्हीसी पाइप, फिटिंग्ज, ठिबक आणि शेतीपंपांचा. सांगलीत दोन दुकानं, जयसिंगपूरला एक, कुपवाडला गोडाऊन. फर्म भागीदारीची, भागीदार म्हणजे सासरे आणि त्यांचे दोन भाऊ. थोरल्यांना सगळे आबा म्हणतात. मी थोरली सून, हिशेब बघते. आधी दिवाणजी आणि मी टॅलीवर भागवत होतो; स्टॉक मात्र अर्धा गोडाऊनच्या वहीत आणि अर्धा दिराच्या डोक्यात. २०२५ च्या एप्रिलपासून, नव्या आर्थिक वर्षाबरोबर, सगळं ईआरपीवर आणलं.

डेमोला आलेला माणूस फक्त दिराशी बोलला. तिन्ही दुकानांची आजची विक्री मोबाइलवर रंगीत गोलात दिसते, एवढ्यावर दीर खूश. मी शेजारच्याच टेबलावर होते, मला एक प्रश्न आला नाही. दिवाणजींना तर साधा नमस्कारही नाही. लॅटरल, म्हणजे ठिबकची बारीक नळी, बंडलने येते आणि मीटरवर विकली जाते, उरलेला तुकडा स्टॉकला कसा धरायचा, हे शेवटी मीच विचारलं. ‘होतं मॅडम, सगळं होतं,’ असं उत्तर मिळालं. होतं, पण त्याचे पैसे वेगळे, हे नंतर कळलं. आमच्यासारख्या घरात चेक धाकटी पिढी फाडते, पण सॉफ्टवेअर चालणार की नाही हे आबा आणि दिवाणजी ठरवतात. विकणाऱ्यानं त्या दोघांशी एक तास घालवला असता तर पहिले तीन महिने आमचे हाल झाले नसते.

पहिला अडथळा गिऱ्हाइकांच्या नावांचा. आमच्या खात्यांत पाटील किती आहेत याचा हिशेब नको. दिवाणजींच्या वहीत ते ‘पाटील, समडोळी, विहिरीवाले’ किंवा ‘पाटील, कवठेपिरान, ट्रॅक्टरचे’ असे असायचे. डीलरच्या पोरानं डेटा चढवताना नाव आणि आडनाव तेवढं घेतलं, बाकीचा मजकूर फालतू म्हणून उडवला. एकाची उधारी दुसऱ्याच्या नावावर, आणि वसुलीचा मेसेज थेट ज्याचं काही देणं नाही त्याला. दिवाणजींनी जुन्या वह्या काढून एकेक खातं सरळ केलं. त्या कामाचं बिल कुणी लावलं नाही, पण खरं तर तेच सगळ्यात महागडं काम होतं.

उधारीच्या मुदतीचंही तसंच. सॉफ्टवेअरला ३० दिवस, ४५ दिवस असं काहीतरी हवं असतं. आमचं गिऱ्हाईक उसाचं बिल आलं की पैसे देतं. कायद्यानं कारखान्यानं ऊस घेतल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं, प्रत्यक्षात काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. परिणाम असा की जूनमध्ये निम्मे शेतकरी ‘थकबाकीदार’ म्हणून लाल झाले आणि त्यांची नवी बिलं अडली. यातली बरीच माणसं वीस वर्षं आमच्याकडून माल नेतात. शेवटी ‘हंगामी’ असा गट केला आणि त्या गटाला मुदत दिवसांत न देता थेट तारीख टाकायची सोय करून घेतली. आता उपयोग होतो. कुणाचा ऊस कुठल्या कारखान्याला जातो तेही त्याच खात्यावर नोंदतो, म्हणजे कारखान्यानं बिलं सोडली की फोन कुणाला करायचे ते समजतं. हे मात्र वहीत कधीच जमलं नव्हतं.

सूट देण्यावरून घरात सगळ्यात मोठा तमाशा झाला. दिरानं ५ टक्क्यांची मर्यादा घातली, वर जायचं तर त्याची परवानगी. आबा काउंटरवर, समोर जुनं गिऱ्हाईक, आबांनी तोंडी भाव ठरवून टाकलेला, आणि स्क्रीनवर ‘आपल्याला परवानगी नाही’. स्वतःच्या दुकानात! आबांनी कोऱ्या कागदावर बिल लिहून दिलं आणि दोन दिवस कॉम्प्युटरकडे बघितलं नाही. मग तिन्ही भागीदारांना पूर्ण अधिकार दिले. अट एकच, सूट कुणी दिली आणि का, हे लिहायचं. महिनाअखेरीला कुणी किती सूट दिली त्याचा रिपोर्ट काढला, तर सगळ्यात वर नाव दिराचं. त्या बैठकीत कुणी चकार शब्द काढला नाही. मर्यादेचा विषय मात्र तिथेच संपला.

दुसरी नाजूक गोष्ट उचल. गल्ल्यातून शाळेची फी जाते, शेताचं डिझेल जातं, जत्रेची वर्गणी जाते. पूर्वी चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये पडायच्या आणि मार्चमध्ये आबा म्हणतील तसे तीन भाग व्हायचे. सॉफ्टवेअर प्रत्येक नोंदीला विचारतं, कुणाच्या खात्यावर? हा प्रश्न एकत्र कुटुंबात तोंडानं विचारायची सोय नसते. त्यात १ एप्रिल २०२५ पासून कलम १९४टी लागलं. भागीदाराला पगार, व्याज वगैरे वर्षाला २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच कापायचा कर. भांडवलातली उचल त्यात येत नाही, त्यामुळे उचल कुठली आणि पगार कुठला हे वेगळं दाखवायलाच हवं, असं सीएंनी बजावलं. मला ते बरंच झालं, कारण बोट सरकारकडे दाखवता आलं. ‘सामाईक घरखर्च’ असं एक खातं काढलं, ते महिन्याला तिघांत वाटतो. ज्याचं त्याचं खासगी ज्याच्या त्याच्या नावावर. पहिला महिना घरात धुसफुस होती. आता धाकटे चुलत सासरे स्वतःच फोन करून ‘माझ्या खात्यावर टाक’ म्हणतात.

कौतुकाचंही सांगते. २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. ठिबक आणि तुषार १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. पाइप आणि पंप होते तिथेच, १८ वर. ठिबकच्या सगळ्या मालाचा गट एचएसएनप्रमाणे, म्हणजे जीएसटीतल्या मालाच्या क्रमांकाप्रमाणे, आधीच लावलेला होता, आदल्या रात्री दर आणि तारीख टाकली, सकाळचं पहिलंच बिल बरोबर निघालं. नंतर जुन्या बिलावरचा माल परत आला तेव्हा क्रेडिट नोटही जुन्याच १२ टक्क्यांनी आपोआप झाली. लघुउद्योगांकडून घेतलेल्या मालाचे पैसे ४५ दिवसांच्या आत जातायत का, ती यादीही रोज सकाळी मिळते. तेवढ्यासाठी मी बरंच काही माफ करीन.

सगळं नाही. बसवणाऱ्या पोरानं तिन्ही दुकानं वेगवेगळ्या कंपन्या म्हणून टाकली होती. गोडाऊनमधून जयसिंगपूरला माल गेला की टॅक्ससकट विक्रीचं बिल! एकाच राज्यात, एकाच जीएसटी नंबरवर विक्रीचं बिल लागत नाही, डिलिव्हरी चलनावर माल जातो. सीएंच्या नजरेला पडलं म्हणून निस्तरलं. सपोर्टला फोन केला की तक्रारीचा तिकीट नंबर मिळतो, माणूस दुसऱ्या दिवशी. पाडव्याच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तिकीट नंबर घेऊन काय करायचं?

पहिल्या वर्षाचा खर्च कोटेशनच्या जवळजवळ दुप्पट झाला. बदलांचे पैसे, ट्रेनिंगचे पैसे, वर वार्षिक देखभाल. दिराच्या एका मित्रानं ईआरपीनेक्स्ट सुचवलं होतं. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्यातल्या अनुभवातून ते उभं केलं, मुक्तस्रोत आहे, परवान्याचे पैसे नाहीत. पण ते सांभाळायला कुणीतरी जाणकार हाताशी हवा, तो आमच्याकडे नाही.

घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, डेमोला दिवाणजींना बसवा आणि तुमचीच दहा अवघड खाती समोर चढवून मागा. डीलर का-कू करायला लागला तर चहा पाजून वाटेला लावा.

मार्चमध्ये नूतनीकरण आहे. करणार आहोत. मोबाइल ॲपचे दोन परवाने कमी करतोय, कारण तो रंगीत गोल आता दीरही उघडत नाही. त्याऐवजी गोडाऊनला एक जादा लॉगिन घेतोय.