नेदरलँड्सचा केनिसमिग्रंट की जर्मनीचं ब्लू कार्ड?

सॉफ्टवेअर किंवा मेकॅनिकलवाल्या कोणाला युरोपातून दोन ऑफर आल्या, तर त्यातली एक बरेचदा आइंडहोवन-ॲमस्टरडॅमकडची असते आणि दुसरी स्टुटगार्ट-म्युनिककडची. मग घोडं अडतं व्हिसाच्या निवडीवर: नेदरलँड्सचा ‘केनिसमिग्रंट’, म्हणजे उच्चकुशल कामगाराचा परवाना, की जर्मनीचं ‘ब्लू कार्ड’, म्हणजे तसाच तिकडचा परवाना. मी दोन्ही वाटांनी गेलोय. पहिल्यांदा पुण्याहून नेदरलँड्सला गेलो, मधे घरच्या कारणाने परत आलो, आणि दुसऱ्या खेपेला दोन्हीकडच्या ऑफर समोर असताना जर्मनी निवडली. म्हणजे हे सगळं एका माणसाच्या अनुभवावरचं बोलणं आहे. तुमची कंपनी आणि तुमचं शहर वेगळं असेल, तर हिशोब थोडा इकडचा तिकडे होऊ शकतो.

वेगाच्या बाबतीत डच लोकांना तोड नाही. कंपनी आयएनडीच्या, म्हणजे डच इमिग्रेशन खात्याच्या, मान्यताप्राप्त प्रायोजकांच्या यादीत असली, की अर्ज तीच करते आणि दोन आठवड्यांत निकाल देण्याचा आयएनडीचा प्रयत्न असतो. मी स्वतः काय केलं? पासपोर्टचं स्कॅन दिलं, करारावर सही केली, आपल्यावर गुन्हे नाहीत असं सांगणारा एक फॉर्म भरला. मंजुरी आल्यावर पासपोर्टवर ९० दिवसांचा एमव्हीव्ही, म्हणजे प्रवेशाचा व्हिसा, चिकटवून घेतला आणि विमान पकडलं. पदवीचं प्रमाणपत्र व्हिसासाठी कोणी मागितलंसुद्धा नाही. तिथे कसोटी पगाराची. ठरलेल्या आकड्याच्या वर असाल आणि तो पगार त्या कामाच्या बाजारभावाला धरून असेल, तर तुम्ही ‘उच्चकुशल’. मग पदवी कुठली का असेना.

जर्मनीत मात्र पदवीपासूनच सुरुवात. अनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये आपलं विद्यापीठ शोधायचं, त्यापुढे ‘एच प्लस’ ही मान्यतेची खूण आहे का बघायचं, मग आपली पदवी त्याच यादीत वेगळी शोधायची आणि दोन्ही पानांचे प्रिंट अर्जाला जोडायचे. आपण कॉलेजचं नाव टाकून शोधत बसतो आणि काही सापडत नाही म्हणून धास्तावतो; पदवी देणारं विद्यापीठ शोधायचं असतं. पदवी यादीत नसेल तर बॉनच्या झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून तुलना-प्रमाणपत्र काढावं लागतं. त्याची फी २०८ युरो, आणि वेळ जातो तो वेगळाच. आयटीवाल्यांसाठी नोव्हेंबर २०२३ पासून एक पळवाट कायद्यातच आहे: गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा योग्य अनुभव असेल, तर पदवीशिवायही ब्लू कार्ड मिळू शकतं. तरी पदवी असेल तर पदवीच दाखवा. अनुभव सिद्ध करायचा म्हणजे जुन्या कंपन्यांच्या पत्रांमागे धावणं आलं.

पगाराच्या मर्यादा दर जानेवारीत बदलतात, म्हणून २०२५ चे आकडे फक्त अंदाजासाठी देतो. नेदरलँड्समध्ये तिशीच्या आत महिना ४,१७१ युरो आणि तीस पूर्ण झाली की ५,६८८, तेही ८ टक्के सुट्टीभत्ता सोडून. जर्मनीत वर्षाला ४८,३०० युरो. टंचाईच्या क्षेत्रांत, ज्यात आयटी आणि अभियांत्रिकी दोन्ही येतात, ४३,७५९.८०. डच आकड्याला बाराने गुणा, म्हणजे तिशीनंतर तिकडची पायरी किती उंच होते ते दिसेल. पंचविशीतल्या मुलाला हा फरक जाणवणारही नाही. मला जाणवला.

मग लोक म्हणतात, अरे पण थर्टी पर्सेंट रूलिंग! खरं आहे. पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंतचा भाग पाच वर्षं करमुक्त मिळणं ही हातात खुळखुळणारी गोष्ट आहे, आणि पहिल्या खेपेला मी ती मनापासून उपभोगली. २०२७ पासून हा आकडा २७ होतोय, तरीही वाईट नाही. दोन गोष्टी मात्र कोणी सांगत नाही. आधी नेदरलँड्समध्ये राहिला असाल, तर ती वर्षं या पाचांतून वजा होतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला माझ्या वाट्याला उरलंसुरलंच येणार होतं. आणि डच सीमेपासून १५० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला ही सवलत सहसा मिळत नाही. म्हणजे ‘आधी ड्युसेलडॉर्फ किंवा कलोनला जाऊ, मग हळूच तिकडे सरकू’ असा बेत असेल तर तो इथेच फसतो.

कुटुंबाचं म्हणाल तर दोन्हीकडे सारखंच. जोडीदाराला दोन्हीकडे काम करायची मोकळीक आहे, येण्याआधी भाषेची परीक्षा नाही. एक फरक लक्षात ठेवा: लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का) नेदरलँड्सला लागतं, पण भारताच्या अपोस्टिलला जर्मनीने हरकत घेतलेली असल्याने तिथे ते चालत नाही. एजंट दोन्ही देशांसाठी सरसकट शिक्के मारून पैसे घेतो, तेव्हा आधी विचारून घ्या.

आता ज्या कटकटीवर माझा काटा फिरला तिच्याकडे येतो. ऐकायला ती फार मोठी वाटणार नाही.

डच पद्धतीत तुमच्या परवान्याचा अर्जदार तुम्ही नसता, कंपनी असते. अर्ज कंपनीचा, फी कंपनीने भरलेली, निकालाचं पत्रही कंपनीला. सुरुवातीला हे आरामाचं वाटतं. पहिल्या वेळी मला तसंच वाटलं होतं. पण कुठे काही अडलं, की विचारायचं कोणाला? आयएनडीला विचारलं तर ते म्हणतात, प्रायोजकाशी बोला. प्रायोजकाने काम एका रिलोकेशन एजन्सीला दिलेलं. एजन्सीतली मुलगी फार गोड बोलायची. तिच्या प्रत्येक मेलचा सारांश ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढाच. दुसऱ्या खेपेच्या डच ऑफरच्या वेळी तर ज्यांच्या सहीवाचून फाइल पुढे जाणार नव्हती त्या एचआरबाई ऑगस्टमध्ये सुट्टीवर गेल्या. डच माणूस सुट्टीवर गेला की खरंच जातो, मेल बघत नाही. त्याचं कौतुकच आहे, पण इकडे माझी नोटीस कधी द्यायची ते ठरेना. फाइल आयएनडीकडे गेलीय की अजून कंपनीच्याच फोल्डरमध्ये आहे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिथे राहत असताना हीच गोष्ट जास्त टोचली होती. वैद्यकीय इमेजिंगचं सॉफ्टवेअर करणारी एक छोटी कंपनी मला आवडली होती, त्यांनाही मी पसंत होतो. पगारही मर्यादेच्या वर. पण त्यांचं नाव यादीत नव्हतं. मान्यता घ्यायला पैसे लागतात, कागद लागतात, आणि मूठभर लोकांच्या कंपनीने एका माणसासाठी ते का करावं? त्यांनी सभ्यपणे नाही म्हटलं. आयएनडीच्या संकेतस्थळावर ही यादी सगळ्यांना खुली असते. त्यानंतर मला लिंक्डइनवरची जाहिरात आधी बघायची सवयच राहिली नाही. आधी यादी, मग जाहिरात. नोकरी गेली तर नवी शोधायला तीन महिने, आणि तेही याच यादीत. त्यात तिशीचा नियम: तीसच्या आत आलात आणि त्याच कंपनीत टिकलात तर खालची पगारमर्यादा चालू राहते, तिशीनंतर कंपनी बदललीत तर वरची लागते. कायदा तुम्हाला बांधून ठेवत नाही, पण जागचं हलणं महाग करतो.

ब्लू कार्डात यादी नाही. कंपनी दहा जणांची असो की दहा हजारांची, करार खरा आणि पगार पुरेसा असला की झालं. पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं आणि ते काही दिवस रोखू शकतात. त्यानंतर तेही नाही. अर्ज माझा, पोर्टलवरचं खातं माझं, कुठला कागद कमी आहे तो निरोप मला. २०२५ पासून जर्मन दूतावासांनी दीर्घ मुदतीचे व्हिसा ऑनलाइन पोर्टलवर घेतलेत. मुंबईला जावं लागतंच, पण तोपर्यंत फाइल तपासलेली असते. एका कागदावर त्यांनी हरकत घेतली, मी त्याच रात्री तो बदलून टाकला. कोणाच्या सुट्टीशी माझा संबंध नव्हता. एवढ्याशा गोष्टीने माणसाला किती बरं वाटतं!

जर्मनीची बाजू घेतोय म्हणून तिथलं दुखणं झाकणार नाही. तिथे पोचल्यावर गाठ पडते आउसलेंडरबेहोर्डशी, म्हणजे त्याच परदेशी नागरिक कार्यालयाशी, आणि हे कार्यालय मोठ्या शहरात म्हणजे भिंत आहे. फोन उचलत नाहीत. अपॉइंटमेंटचं कॅलेंडर उघडावं तर सगळा महिना करडा, एकही तारीख दाबता येत नाही. ज्याने-त्याने आपापला मुहूर्त शोधलेला असतो: कोणी पहाटे रिफ्रेश करतो, कोणी थेट पत्रपेटीत अर्ज टाकून येतो. कार्डाची मुदत संपेपर्यंत नंबर लागला नाही तर फिक्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा घडीचा तात्पुरता कागद देतात. त्यावर जर्मन वास्तव्य कायद्याच्या कलम ८१ च्या कुठल्या उपकलमापुढे खूण आहे ते घरी जायचं तिकीट काढण्याआधी डोळे फाडून बघा. चौथ्यापुढे असेल तर भारतात जाऊन परत येता येतं, तिसऱ्यापुढे असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही. माझ्या कागदावर चौथ्यापुढे होती, तरी विमानतळावर चेक-इनच्या माणसाने तो उलटासुलटा करून वरिष्ठाला बोलावलंच. या बाबतीत डच आयएनडी शंभर पटीने सुसह्य आहे, हे मान्य.

तरीही मी हा त्रास पत्करला, कारण तो संपतो. ब्लू कार्डवाल्याला २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, त्याला जर्मन भाषेची ए-१ ही सुरुवातीची पातळी पुरते. बी-१ ही मधली पातळी असेल तर २१ महिन्यांतच. तेवढा काळ पेन्शनचा हप्ता भरलेला हवा आणि ‘लेबेन इन डॉइचलांड’ (जर्मनीतलं जीवन) ही ३३ प्रश्नांची परीक्षा, त्यात १५ बरोबर आले की पास. प्रश्न आधीच छापलेले मिळतात, शाळेच्या गाइडसारखे पाठ करायचे. नेदरलँड्समध्ये याच टप्प्याला पाच वर्षं आणि इनबुर्खेरिंगची, म्हणजे डच भाषा आणि समाजाची, परीक्षा. आणि ती पाच वर्षं त्याच यादीत राहून काढायची. बी-१ जर्मन सोपं नाही, त्या व्याकरणाने माझा घाम काढला. पण संध्याकाळच्या वर्गात बसून जर्मन शिकणं माझ्या हातात होतं. कंपनीला प्रायोजक व्हायला लावणं नव्हतं.

याचा अर्थ सगळ्यांनी उठून जर्मनीच गाठावी असं मला म्हणायचं नाही. पंचविशीत असाल, पदवी अर्धवट किंवा अनाबिनमध्ये न बसणारी असेल, पहिल्यांदाच बाहेर पडत असाल आणि ऑफर एखाद्या मोठ्या, स्थिर कंपनीची असेल, तर नेदरलँड्स बहुधा जास्त सुखाचं जाईल. ॲमस्टरडॅमला इंग्रजीवर दिवस निघतात, स्टुटगार्टला निघत नाहीत. दोन-तीन वर्षं पैसे साठवून परत यायचं ठरलेलं असेल, तर माझा कायम वास्तव्याचा मुद्दा तुमच्या कामाचाच नाही. पण तिशी ओलांडली असेल, पदवी नीट असेल आणि पुढे कधीतरी छोट्या कंपनीत जायची खाज असेल, तर मी तरी ब्लू कार्डाकडेच झुकेन. जर्मन कंपनीला घाई असेल तर तिला कलम ८१-अ ची जलद प्रक्रिया सुचवा. ४११ युरो भरून ती तुमच्या वतीने तिथल्या कार्यालयाकडून आगाऊ संमती घेते आणि इकडची मुलाखतीची तारीख तीन आठवड्यांत मिळते.

आणि डच ऑफर घेणार असाल तर सही करण्याआधी एचआरला तीन गोष्टी मेलवर लेखी विचारा: अर्ज कंपनी स्वतः करते की एजन्सी, फाइल सादर झाल्याची पोच तुम्हाला मिळेल का, आणि काम बघणारी व्यक्ती रजेवर गेली तर सही कोण करणार.