कोकणातल्या ‘सी टच’ प्लॉटची साइट व्हिजिट : टोकन द्यायच्या आधी हे वाचा

5 पैकी 2 स्टार. ऑफिस आपल्या कोल्हापुरातच आहे, नाव घालत नाही कारण असे प्लॉट विकणारे आता बरेच झालेत. रविवारी गाडीनं गगनबावड्यावरनं देवगडकडं नेतात. गाडी टायमात आली, ड्रायव्हरनं घाट एकदम शांतपणे उतरवला, दुपारी सुरमई थाळी नि सोलकढी त्यांच्याच खर्चानं, दोन्ही स्टार त्याचेच.

जमिनीचं मात्र अवघड आहे. सातबारा दाखवला, एनए (बिगरशेती) ऑर्डरची झेरॉक्स दाखवली, समोर समुद्र, मी विचारलं भरतीच्या रेषेपासनं हा गट किती मीटर, तर म्हणे "सगळं क्लिअर हाय साहेब, आज टोकन दिलंत तर गुंठ्याला रेट कमी करतो". अहो मी मीटर विचारतोय! सीआरझेडच्या (समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणाऱ्या) 2019 च्या नियमात गावाकडं दाट वस्ती नसेल (2011 च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा कमी माणसं) तर पहिल्या 200 मीटरमध्ये आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला नवीन घर बांधताच येत नाही, पुढं 500 मीटरपर्यंत पण परवानगी लागते. सातबारा नावावर होईल ओ, पण घराचं काय?

सर्व्हे ऑफ इंडियानं आखलेली हॅझर्ड लाइन तर त्यांच्या माणसाला माहितीच नव्हती. किनारा किती सरकतोय, समुद्र किती चढतोय हे धरून ती आखलीय, पण 2019 च्या नियमात ती आपत्ती नियोजनापुरतीच ठेवलीय, तिच्यावरनं बांधकाम अडत नाही, म्हणून घेणाऱ्यानंच विचारायला पाहिजे. 1901 ते 2018 मध्ये जगभरात समुद्र सरासरी 20 सेंटीमीटर चढला आणि 2006 ते 2018 मध्ये वेग वर्षाला 3.7 मिलीमीटरवर गेला, आकडा बारका वाटतो पण सपाट पुळणीवर तेवढ्यानं पण लाट लई आत येते.

2019 च्या पुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडून पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हापासनं आपण इथं फ्लॅट बघताना ब्लू लाइन रेड लाइन (नदीच्या पूररेषा) विचारतोयच की. आणि पंचगंगेचं पाणी निदान उतरतं, चढलेला समुद्र आपल्या हयातीत उतरणार नाही.

गट नंबर टाकलेला सीआरझेडचा नकाशा व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणालेत, अजून आला नाही. आला की इथंच लिहीन, तोवर कुणी टोकन देऊ नका.