गावी राहणाऱ्या आई-वडिलांसाठी: साधा आरोग्य विमा की वेलनेसवाला?

मुलं मुंबईत, आई-वडील गुहागर नाहीतर देवगडच्या वाडीत. अशा घराला विमा घेताना दोन पर्याय दाखवले जातात. साधी पॉलिसी इस्पितळात दाखल झाल्यावरच कामाला येते. वेलनेसवाली थोडी महाग. तिच्यात वार्षिक तपासणी, फोनवर डॉक्टर आणि चालण्याच्या गुणांवर हप्त्यात सूट मिळते. जादा पैशांतलं गावी काय वापरता येईल, ते आधी बघा.

चालण्याची सूट हिशेबात धरूच नका. पावलं मोजायला फोन अंगावर लागतो, आणि भाताच्या लावणीत किंवा होडीवर तो कोणी खिशात ठेवत नाही. दिवसभर बागेत चढउतार करणाऱ्याच्या खात्यात शून्य दिसतं. २०,००० रुपयांच्या हप्त्यावर १० टक्के सूट धरली तरी २,००० रुपये, तेही वर्षभर लक्ष्य गाठल्यावर. लोकल पकडणारा मुलगा ती मिळवेल. जिमच्या सवलतीबद्दल तर बोलायलाच नको.

तपासणी मात्र कामाची आहे, आणि घोळही तिथेच होतो. काही योजनांत ती कंपनीच्या ठरलेल्या लॅबमध्येच होते, काहींत बिल दिल्यावर पैसे परत मिळतात. गावासाठी दुसरी पद्धत बरी. ठरलेली लॅब रत्नागिरीत असली तर उपाशीपोटीच्या साखरेसाठी ८ ते १० तास काही न खाता पहिली एस.टी. पकडायची, आणि नमुना देईपर्यंत उन्हं वर आलेली. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर एवढ्यात खाली जाऊ शकते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणाऱ्या एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही. यादीत ती आहे का विचारा. घरी येऊन रक्त नेण्याची सोय असेल, तर गावाचा पिनकोड टाकून खात्री करा. मुंबईचा टाकलात तर सगळंच उपलब्ध दिसतं.

साधी पॉलिसी घेऊन तपासणी तालुक्यातल्या लॅबमध्ये स्वखर्चाने करणं हाही चांगला पर्याय आहे. जुन्या करप्रणालीत आरोग्य विम्याच्या आयकर वजावटीत (८०डी) प्रतिबंधक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत धरता येतात, रोखीने दिले तरी. फक्त ते त्या वजावटीच्या एकूण मर्यादेतच मोजले जातात.

फोनवरचा डॉक्टर साध्या कॉलवर मिळत असेल तरच उपयोगी. व्हिडिओ लागला तर रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, जावं लागेल. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर ओपीडीची, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांच्या खर्चाची, जोड बघण्यासारखी. मात्र तिचा जादा हप्ता आणि वर्षाची मर्यादा यांत फारसं अंतर नसेल, तर सोडून द्या. या खर्चाच्या दाव्याला डॉक्टरची चिठ्ठी आणि मेडिकलचं पक्कं बिल दोन्ही लागतात. गावचे डॉक्टर बहुधा पावती देत नाहीत, आणि दावा तिथेच अडतो.

वेलनेसच्या नादात मुख्य कलमं राहून जातात. गावच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, पण काही योजनांत मुंबईत उपचार घेतल्यास बिलाचा काही टक्के वाटा आपल्याला भरावा लागतो. मोठ्या दुखण्याला मुलाकडेच नेणार असाल तर मुंबई झोनचा, म्हणजे मुंबईच्या दराने, हप्ता भरा. आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसतं, अपघाताला असतं. म्हणून पॉलिसी एप्रिलमध्येच घ्या. जूनमध्ये घेतलीत आणि लावणीच्या चिखलात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) झाला, तर तो त्या ३० दिवसांत सापडेल. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. ते अर्जात लपवू नका.

आमचा कौल: गोळ्या चालू असतील आणि तालुक्यातल्या लॅबचं बिल मान्य होत असेल, तर वेलनेसवाली. नाहीतर साधी, आणि वाचलेल्या पैशांत विम्याची रक्कम वाढवा. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. तेवढ्या दिवसांचा हप्ता आणि किरकोळ खर्च कापून पैसे मिळतात. त्या मुदतीत गावाहून लॅबचं बुकिंग होतं का, डॉक्टरचा फोन लागतो का, ते आई-वडिलांनाच करून बघू द्या.